प्लास्टरच्या आतली थरथर

"तुम्हाला पार्किन्सन्स आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. पेनांचा डबा उडाला. बाहेरची नर्स धावत आत आली.

"मी तांबट आहे बाई. जन्मभर तांबं ठोकलंय. हात थरथरतोय तो ठोकून ठोकून. रोगबीग काही नाही."

त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, मूठ आपटताना हात थरथरला का? नाही ना? आता तोच हात मांडीवर ठेवा."

ठेवला. लगेच उजवा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागले, तंबाखू मळावी तसे.

"याला रेस्टिंग ट्रेमर म्हणतात. हात निवांत असला की थरथरतो, कामाला लागला की कमी होतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं, ते तुमच्यात कमी पडायला लागलंय. आजार मुळापासून जात नाही, पण थरथर कमी करता येते."

माझ्या डोक्यात एवढंच शिरलं, की कामाला लागला की कमी होतो.

दवाखान्यात मी सुखासुखी गेलो नव्हतो. वर्षभर हात लपवत होतो, कधी खिशात, कधी पिशवीखाली. एकदा पंचवटीत भाजी घेताना पैसे पुढे केले तर हात नाचायला लागला. भाजीवाला म्हणाला, "काय नाना, सकाळी सकाळीच चढवली का?" मी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. त्याची गचांडी धरली. टोमॅटोची पाटी रस्त्यावर गेली, चार माणसं मधे पडली. रागानं माझा हात आणखीच उडत होता, आणि बघणारे म्हणत होते, बघा, किती प्यालाय. त्या दिवशी मुलगा दिलीप मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेला.

गोळी मिळाली. लेव्होडोपा. ही गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनते, असं मला समजावलं. उपाशीपोटी घ्यायची. मी रोज पहाटे उठून उपाशीपोटीच घेत होतो, मोठा पेला भरून आटीव दुधाबरोबर. औषध गरम पडतं, दूध थंड. आमच्या घरात कुठलीही गोळी दुधाशिवाय गिळत नाहीत. आणि दूध म्हणजे काही जेवण नव्हे. बायको, यशोदा, भक्तिभावानं दूध आटवायची.

थरथर तसूभरही कमी झाली नाही. मी गोळ्यांची पट्टी गटारात फेकली, यशोदानं दुसरी आणली. वरण अंगावर सांडलं म्हणून ताट भिंतीवर मारलं. ती शांतपणे म्हणाली, "भिंतीला भूक नव्हती. आता पुसा." पुसलं नाही मी.

मग ठरवलं, औषध माझ्याकडंच आहे. हात रिकामा ठेवायचाच नाही. सकाळी हातोडा उचलायचा तो अंधार पडेपर्यंत. घाव घातला की हात सरळ. थांबलो की भूत पुन्हा अंगात. म्हणून थांबायचंच नाही. दंड सुजले, खांदा पेटला, तरी हाणत राहिलो. दमलेला हात जास्त थरथरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

एके दिवशी एका गुरुजींचं घंघाळ मठारत होतो. मठारणं म्हणजे हातोड्याच्या लहान लहान घावांनी भांड्यावर नक्षी पाडत त्याला मजबूत करणं. एक घाव चुकला. हातोड्याची कड बसली आणि पत्रा फाटला. माझ्या हातून पत्रा फाटतो?

दिलीप शेजारच्या ऐरणीवरून उठून आला. "नाना, बास झालं. हातोडा द्या इकडं."

"तुला देऊ? तुला ओळीत घाव घालता येत नाही अजून."

"पत्रा तर फाडत नाही ना मी."

मी हातोडा त्याच्यावर उगारला. तो हलला नाही. डोळ्यात डोळे घालून उभा राहिला, पोटचा पोरगा. हात वरच थबकला. मग तो राग कुठंतरी पडायलाच हवा होता. मी हातोडा डाव्या हातात घेतला, उजवा पंजा ऐरणीवर पालथा टाकला आणि हाणला.

तांब्यावर पडतो तसा आवाज आला नाही.

द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मशीनमध्ये गेला का?"

"नाही. मारलं."

"कुणाला मारलं?"

"यालाच," मी हात दाखवत म्हणालो. डॉक्टर दिलीपकडं बघत राहिले. दिलीपनं मान खाली घातली.

तळहाताची दोन हाडं मोडली होती. फ्रॅक्चर. कोपरापर्यंत प्लास्टर चढलं आणि काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. मी विचारलं, हातोडा धरता येईल का? ते म्हणाले, "आत्ता सांगता येत नाही." त्यानंतर खाटेवर पडून मी दुसरा कसलाच विचार केला नाही.

वाटलं होतं, निदान आता तरी हा गप बसेल. कसला बसतो! प्लास्टरच्या आतसुद्धा थरथरायचा. आणि थरथरला की मोडलेलं हाड असं कळवळायचं की दात खाऊन मी उशी फाडली.

पण त्या दुखण्यानंच मला शिकवलं. नर्सवर ओरडलो की थरथर वाढायची आणि कळ मस्तकात जायची. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाईल मोठ्यानं लावायचा. त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि नुसतं वाटलं तरी कळ. यशोदाला हे माझ्याआधी समजलं. मी तोंड उघडलं की ती प्लास्टरकडं बघायची.

"बोला ना. थांबलात का? तो बोलायला लागला बघा तुमच्याआधी."

"गप बस गं."

"मी गपच आहे. तुमचा हातच बडबडतोय."

मी शहाणा झालो म्हणून राग सोडला असं नाही. दुखायचं म्हणून सोडला. श्वास हळूहळू सोडायचा, दंड सैल टाकायचा, कोपर उशीवर टेकवायचं. कळ उतरायची, थरथरही उतरायची.

मग पार्किन्सन्सच्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. "गोळीचा काहीच फरक नाही? कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर," यशोदा अभिमानानं म्हणाली. "आटवून देते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दुधात प्रथिनं असतात. प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारातून आत शिरतात. तुमचं आटीव दूध दारात आडवं पडतं, गोळी बाहेरच राहते."

यशोदाचा चेहरा पडला. मी म्हणालो, "हिला बोलू नका. दूध पिणारा मी होतो." लग्नाला एवढी वर्षं झाली, तिची बाजू मी पहिल्यांदाच घेतली असेन.

तेव्हापासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या बऱ्याच आधी. दूध रात्री. काही दिवसांत पेला ओठापर्यंत न सांडता जायला लागला. काहींना उपाशीपोटी मळमळतं, तेव्हा तुमची वेळ तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि गोळी मनानं बंद करू नका. मी पट्टीच फेकली होती.

ज्यांचा हात थरथरतो त्यांना आणखी सांगतो. पेला अर्धाच भरा. जेवताना कोपर बरगडीला दाबून धरा. जड चमचा वापरा, हलका चमचा उडतो. सदऱ्याची बटणं काढून बुटाला असते तशी चिकटपट्टी (व्हेल्क्रो) लावून घ्या, त्यात कमीपणा नाही. झोप मोडू नका. दमायच्या आधी थांबा. कुणी दारुडा म्हटलं तर आजाराचं नाव सांगा, गचांडी धरू नका. आणि आपल्या हाताला मारू नका. तो मुद्दाम करत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकुळा झाला होता. चिंधीचा चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो शिव्या देत केला. मग एका सकाळी गोळी लागू पडल्यावर कारखान्यात गेलो. दिलीप उठला, जागा दिली. मी हातोडा धरला. मूठ पूर्ण वळत नव्हती, पण हातोडा राहिला. हंड्याच्या काठाला मठाराची एक ओळ घातली. घाव मंद, पण ओळीत. दुसरी ओळ अर्धी झाली आणि खांदा जड व्हायला लागला. पूर्वीचा मी असतो तर आणखी जोरात हाणलं असतं.

मी हातोडा दिलीपसमोर धरला. "घे. पुढचं तू कर."

तो बसला. त्याचा पहिलाच घाव ओळीबाहेर गेला. माझ्या डोक्यात सणक उठली, मांडीवरचा हात नाचायला लागला. गल्लीतली दोन माणसं थांबून बघत होती. बघू दे. मी श्वास सोडला.

"मनगट सैल सोड," मी म्हणालो. "हातोडा पडू दे आपोआप."

त्यानं मनगट सैल सोडलं.