माझ्या हातच्या गाठी

अगं, फोन जरा कानाशी धर आणि ऐक, नुसतं "येते, येते" म्हणतेस, पनवेलला येऊन परस्पर निघून जातेस, शोभतं का हे? आज कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि आमच्या कचेरीतली रेकॉर्डची खोली आठवली. मी तिथे शिपाई होते, तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गावाच्या कागदांचं लाल गाठोडं मी वेगळ्या गाठीनं बांधायची आणि बोटांनी चाचपून काढून द्यायची. गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावायचं कुणाला सुचलंच नाही, मी होते ना! मग नवे साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला अक्षर येत नाही, हिच्या हातात झाडू द्या." मी झाडू घेतला, मनात म्हटलं, थांब तू. महिनाभरात वरचे अधिकारी तपासणीला आले, त्यांनी एका गावाचे कागद मागितले. कारकुनांनी सगळी खोली उपसली, पण कागद मिळेनात. साहेब घाम पुसत व्हरांड्यात आले, "मावशी, जरा बघता का?" मी झाडतच म्हटलं, "मला कुठे अक्षर येतं, साहेब?" "मावशी, माझी नोकरी जाईल हो!" मग मी आत गेले, तपासणीच्या अधिकाऱ्यांसमोर आमच्या साहेबांच्या हातात झाडू दिला, "धरा जरा," म्हटलं आणि सावकाश, खूप सावकाश, एकेक गाठ चाचपत बसले. पहिलीच गाठ बरोबर होती गं, मला ठाऊक होतं, पण ते गाठोडं मी शेवटी काढून दिलं. आता मला वाचता येतं, गुडघे धरलेत, पण त्या झाडूवाल्या साहेबांची अजून कीव येत नाही. तू मात्र लवकर ये, या रविवारीच ये.