रेवताबाईच्या नावाचं सिम

करडी गावच्या ज्योत्सनाले एकच दुखनं होतं, स्वाती.

दोघींचे नवरे एकाच डोंग्यात बसत, तलावात एकच जाळं टाकत. काठावर मासोळीचे दोन सारखे वाटे पडत. बाजारात दोघी बाजूबाजूले बसून विकत. मंग स्वातीनं मरळ मासोळी साफ करतानाचे व्हिडिओ मोबाईलवर टाकले, आन वरठीच्या कारखान्याचे लोक ड्युटी सुटली का गाड्या वळवून तिच्याकडं येऊ लागले.

"तुमीच का वो त्या व्हिडिओतल्या?" असं कोनी स्वातीले इचारलं का ज्योत्सना हातातली मासोळी टोपल्यात आदळे. मासोळी तीच. हात तं ज्योत्सनाचाच जास्त चपळ. मंग गर्दी तिकडंच काहून?

सासूच्या, रेवताबाईच्या आधार कार्डावर काढलेलं एक सिम घरात पडलं होतं. ज्योत्सनानं त्याच्यावर खोट्या नावाची आयडी बनवली आन स्वातीच्या व्हिडिओखाली लिहिलं, "ही बाई मासोळी ताजी दिसाले दवा मारते, गिऱ्हाइकाले डोळा मारते." रोज एक नवीन. लोकाईनं हासत हासत पुढं पाठवलं. स्वातीनं व्हिडिओ बंद केले, खाली मान घालून बसू लागली. ज्योत्सनाले लई दिवसानं जेवन गोड लागलं.

पुढच्या बाजारी गिऱ्हाईक तिच्याबी टोपल्यापुढून सरकलं.

"एकाच जाळ्याची ना वो तुमची मासोळी? मंग दवा तुह्याबी टोपल्यात असन."

हे तिच्या डोक्यातच नोहोतं आलं.

स्वातीनं ठान्यात तक्रार देली. नंबर निघाला रेवताबाईचा. तिघीबी ठान्यात.

हवालदार मधुकरराव म्हनाले, "आजी, सिम तुमच्या नावाचं. गुन्हा तुमच्यावर लागन."

"साहेब, हिरवं बटन दाबलं का बोलाचं, येवढंच मले मालूम." म्हातारीनं हात जोडले.

स्वाती मधात बोलली, "साहेब, कार्ड कोनाचं ते नोका पाहू, बोट कोनाचं ते पाहा. ह्या मावशीनं माही दोन बाळंतपनं केली."

ज्योत्सनाचा जीव जळला. सासू माही, आन कैवार बी हीच घेऊन राहिली!

"मी लिहिलं!" ती वरडली. "माह्या सासूले सोडा. तिच्यासाठी बोलाले मी हावो."

स्वातीनं वळून इचारलं, "तू? काहून वो?"

"सारे तुह्याकडंच पाहत. माह्याकडं कोनी पाहे?"

मधुकरराव स्वातीले म्हनाले, "शेजारच्या हाय. मिटवून टाका ना, बाई."

"नाई. डोळा मारते, हे माह्या पोरीले शाळेत आयकावं लागलं. लिहा तुमी. ज्याईनं मजा म्हनून पुढं पाठवलं, त्याईचेबी नावं लिहा."

ज्योत्सनानं जबाबावर सही केली. बाहेर स्वातीनं रेवताबाईचा हात धरून तिले पायऱ्या उतरवल्या. पायऱ्या सरल्या, पन म्हातारीनं तो हात काही सोडला नाई. ज्योत्सना मागून दात खात चालत राहिली.