सरकारी प्रत

"सर, कलकत्त्याहून काही आलं का?"

नसीमआपा दारातूनच विचारायच्या. शहरातल्या एका ग्रंथालयाचा संदर्भ विभाग मी सांभाळतो. रोज "नाही" म्हणून माझाच जीव विटला होता.

आपांचे अब्बा हिमरू, म्हणजे सुती-रेशमी नक्षीदार कापड, विणायचे. घराण्याच्या नक्ष्या मागावर कशा चढवायच्या, याचं त्यांनी मराठीत पुस्तक केलं होतं. अब्बा गेले, घरातली प्रत वाळवीनं खाल्ली. आता आपांना शहराजवळच्या पडेगावला माग लावायचा होता आणि शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. पुस्तक आमच्याकडं नाही. प्रकाशक देशमुखांकडंही नाही. उरलेल्या प्रती त्यांनी केव्हाच रद्दीत घातलेल्या.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "आपा, राष्ट्रीय ग्रंथालय कशासाठी आहे?"

इंग्रजांच्या काळातली कोलकात्याची इम्पीरियल लायब्ररी स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय झाली. पुढं कायदा आला. देशात निघालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं तिथं पाठवायची. कोणी वाचो न वाचो, ती जपली जाते. आणखी काही मोठ्या ग्रंथालयांनाही प्रत द्यावी लागते, पण तिथं देशमुखांनी पाठवलीच नव्हती. कोलकात्याच्या कॅटलॉगमध्ये मात्र पुस्तक सापडलं.

मी पानांचा स्कॅन मागवला होता, तो अखेर आला. आपा माझ्या शेजारी बसल्या. अब्बांचं नाव दिसताच त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली. मग नक्ष्यांचं प्रकरण उघडलं. दोन पानं छापलेली, दोन कोरी. पुन्हा दोन छापलेली, दोन कोरी.

पुस्तकाची सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालतात. त्याला फर्मा म्हणतात. या फर्म्याची एक बाजू छापायचीच राहिली होती.

तिरीमिरीत मी क्रांती चौकातलं देशमुखांचं दुकान गाठलं.

"व्हय, तसल्या दोन-चार प्रती निघाल्या होत्या," ते चहा मागवत म्हणाले. "चांगल्या गिऱ्हाइकाला, खराब सरकारला. आपल्या लाइनीत समदे असंच करतेत. तिकडं कलकत्त्याला मराठी वाचतंय कोण?"

"अहो, चांगल्यातली चांगली प्रत पाठवा म्हणतो कायदा!"

"सर, तुम्ही लईच मनावर घेता. पोच तर आली ना?"

या माणसापुढं कपाळ बडवून घ्यायचं की त्याचं बडवायचं, ते कळेना. चहा न घेताच उठलो.

आपांनी छापलेली पानं तेवढी प्रिंट करून नेली. माग लागलाय. नक्षी थोडी चढते आणि तटते.

"यहाँ तक अब्बा बोले," त्या मला दाखवत म्हणाल्या. "पुढचं कोणाला विचारू, सर?"



राष्ट्रीय ग्रंथालयाबद्दल माझी काही तक्रार नाही. आपण पाठवू ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचं, हे त्याचं काम. आपण कोरी पानं पाठवली. ती तिथं अगदी सुरक्षित आहेत.