मारण्याआधी वाकलो अन् कट झालं

मंडळी, बारा वर्षं मानोऱ्यात कराटे शिकवलं. आज इंझोरीत सिनेमातल्या माह्या पहिल्या रोलचं शूटिंग होतं. रोल गुंडाचा. "सिनेमात पोरं बिघडतात," म्हणणारी आईबी पाहाले आली होती.

कराटेत भिडायच्या आधी अन् नंतर समोरच्याले वाकायची रीत. ॲक्शन म्हटल्याबरोबर मी हिरोपुढं वाकलो.

"कट! गुंड कधी नमस्कार करतो का?" डायरेक्टर ओरडले.

दुसऱ्या टेकले पुन्हा वाकलो. वाटलं, रोल गेला हातचा.

तिसऱ्या वेळी मान ताठ ठेवली. शॉट ओके झाला, अन् मी लगेच हिरोपुढं वाकलोच!

आई जवळ येऊन म्हणाली, "बिघडला नाहीस रे. जाय पुढच्या सिनेमाले."

तुमच्या आईनं असं उशिरा 'हो' कोणत्या गोष्टीले म्हटलं होतं?