काठवट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, फौजेतल्या जोडीदारांना तर नाहीच — आणि त्यांना मी नको तेही सगळं सांगून बसलोय. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मधेच अडखळलो तर अडखळू द्या. ही गोष्ट मला सरळ सांगताच येत नाही. मनातल्या मनात सांगायला बसलो तरी मी आधी दुसरंच काहीतरी सांगत सुटतो.

आताही तसंच होणार, बघा. कारण मला आधी माझी मोटर आठवते.

लढाई संपली आणि मी गावी परत आलो. गाव कृष्णेच्या काठावर, पलूसच्या अलीकडं. घरचा ऊस, घरची बैलं, आणि वर हवालदारकी — मग काय विचारता! चालण्यातसुद्धा ऐट होती माझ्या. फौजेत मी लॉऱ्या दुरुस्त करायचो. तिकडं परमुलखात एका तळ्यावर आमच्या साहेबाची लहानशी होडी बघितली होती — बॅटरीवर चालणारी. वल्ह्याचा आवाज नाही, धूर नाही, मासे बिचारे पळतसुद्धा नव्हते. ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. येताना मोडीत काढलेल्या गाड्यांतली एक छोटी मोटर आणि लॉरीची एक बॅटरी घेऊन आलो. सुताराकडनं लाकडी पंखा करून घेतला आणि गावभर सांगत सुटलो, आता विजेवर नाव चालवणार आणि डोहातली मरळ धरणार!

पण नाव कुठली? सुतार म्हणाला, नवी करायची तर दिवाळी उजाडंल. मला कुठला दम? घरी गुऱ्हाळाची काहील होती. उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई — पूर आला की आमच्याकडं तिच्यातनंच माणसं पलीकडं नेतात. म्हटलं, ही काय वाईट? मोटर तिच्या काठाला आवळली, बसलो, आणि चालू केली. काहील गोल. ती पुढं जाईचना, जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. घाटावर बायका धुणं धूत होत्या. एक ओरडली, "आवं हवालदार, दळान दळताय का काय!" सगळा घाट हसला. मी कसाबसा काठाला लागलो. तुम्हाला हसू येतंय ना? मलाही आता येतं. त्या दिवशी मात्र अंगाची आग आग झाली होती.

त्या रागातच मी धोंडीकडं गेलो.

धोंडी आमच्या गावचा नावाडी. त्याचा बाप नावाडी, आजा नावाडी. गावाला पलीकडं न्यायचं, आणायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा, हेच त्याचं पोट. आम्ही एकत्र पोहायला शिकलेलो. मला आख्खं गाव हवालदार म्हणायचं, तो तेवढा गणपाच म्हणायचा. चैत्र चालला होता, नदीला उतार होता, माणसं चालत पलीकडं जात होती. त्याची नाव काठावर पालथी पडलेली. शिमग्याच्या आधीच त्यानं तिच्या सगळ्या सांधी कापूस आणि राळ भरून घट्ट केल्या होत्या.

मोटर लावायला मी ती मागितली. त्यानं लगेच हो म्हटलं नाही. बॅटरीभोवती फिरला, वाकून वास घेतला.

"ह्यात काय हाय रं, गणपा?"

"तेजाब."

"सांडलं तर?"

"सांडत नाही रे. आणि सांडलं तर काय, जरा जळतं."

घरात जाऊन त्यानं एक जुनी काठवट आणली. भाकरीचं पीठ मळायची, चांगली जाड, खोल लाकडी काठवट. म्हणाला, "ही हिच्याखाली ठिव. हिच्यातनं भाईर काढायची न्हाई. नाव माझी हाय, पर तिच्यात बसनारं गाव हाय." बस्स, एवढीच अट. मी हसून मान डोलवली. बैलाच्या गळ्यात लोढणं बांधल्यासारखं तुझं हे, असं काहीतरी बोललोसुद्धा.

आणि नाव चालली हो! अशी चालली की काय सांगू. वाऱ्याची झुळूक यावी तशी डोहात सरकायची. मरळ मिळाली, वांब मिळाली. घाटावरच्या बायका आता हसत नव्हत्या, उभ्या राहून बघत होत्या. मी किती सुखात होतो त्या दिवसांत — हे सांगायचीही लाज वाटते, पण होतो.

काठवट मात्र पायात यायची. जाळं ओढायला बसलो की गुडघा तिच्यावर आपटायचा. दोन-चार दिवस सोसलं. मग एका सकाळी काढली आणि घरी ठेवून दिली. बॅटरी सरळ फळ्यांवर ठेवली. एवढंच केलं मी. एवढंच?

एकदा मोठी मरळ जाळ्यात आली, मी उठलो, नाव कलली आणि बॅटरी आडवी झाली. झटकन उचलली. पाणी मारलं. पण माझ्या विजारीला संध्याकाळपर्यंत चाळणीसारखी भोकं पडली होती. मग तळाच्या फळीचं काय झालं असेल? सांधीतल्या कापसाचं काय झालं असेल? तुम्ही म्हणाल, तुला कळलं नसेल. कळलं होतं. फौजेत तेच तर शिकलो होतो मी. दुसऱ्या दिवशी ती सांध बोटानं दाबून बघितली, तर आतला कापूस काळा होऊन चुरा चुरा निघाला. मी वरनं डांबर फासलं. जाड फासलं.

नाव परत देताना धोंडीनं विचारलं, "हे डांबर कशाला रं?"

"तेलाचा डाग पडला होता. वाईट दिसत होतं म्हणून फासलं."

त्यानं मान हलवली. माझं बोलणं त्याला खोटं वाटायचं कारणच नव्हतं.

का नाही सांगितलं? किती वेळा विचारलंय मी स्वतःला. सांगितलं असतं तर तो चार शिव्या हासडून दुपारभरात ती सांध पुन्हा भरून मोकळा झाला असता. पण मग काठवट काढली हे सांगावं लागलं असतं. आणि मी तर त्याला हसलो होतो ना? एवढ्याशा गोष्टीसाठी माझी जीभ उचलली नाही.

आषाढात नदी भरली, नाव चालू झाली. बाजाराच्या दिवशी बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, धोंडी वल्ह्यावर. मी काठाच्या उसात होतो. ओरडा ऐकला आणि धावलो. भर धारेत नाव पाणी पीत होती, बघता बघता बुडाली. धोंडीनं एकेकीला धरून काठाकडं ढकललं, मीही उडी मारून एका म्हातारीला ओढून आणलं. देवाची कृपा, सगळ्या वाचल्या. नाव मात्र वाहून गेली, तिची एक फळीसुद्धा पुन्हा दिसली नाही. आणि काठावर लोक काय म्हणत होते? "हवालदार हुता म्हनून निभावलं!"

पाहिलंत ना? अजून मी माझी उडी सांगतोय.

खंडोबाच्या देवळात गाव बसलं. नावाड्यानं हयगय केली, बायकामाणसं मेली असती, असं सगळ्यांचं म्हणणं. पाटलांनी धोंडीपुढं ताट धरलं. आमच्याकडं बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द शेवटचा. धोंडीनं ओंजळ भरली आणि म्हणाला, "म्या शिमग्याच्या आधी सगळ्या सांधी भरल्यात. एक बी सोडली न्हाई. खोटं आसंल तर देव बघून घील."

मग पाटील माझ्याकडं वळले. "हवालदार, त्यानं सांधी भरल्यावर तुमी नाव वापरली. कशी हुती?"

सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. धोंडीही बघत होता — अगदी निर्धास्त. मित्र बोलणार होता ना.

मी म्हणालो, "थोडं पाणी आत घेत होती."

ताट माझ्यापुढं आलंच नाही. फौजेतला माणूस, त्यात म्हातारीला वाचवलेला — माझ्या शब्दाला भंडारा कशाला? मला वाटलं होतं धोंडी अंगावर येईल, निदान ओरडेल. त्यानं फक्त आपले पिवळे झालेले हात उलटेसुलटे करून बघितले.

गावानं शेजारच्या गावचा नावाडी आणला. दिवाळीच्या आत धोंडी बायकोला घेऊन लोणंदला गेला, स्टेशनावर पोती वाहायला.

दोन-तीन वर्षांनी मी जेजुरीला निघालो होतो, लोणंदला गाडीची वाट बघत होतो. मागनं हाक आली, "हवालदार!" हवालदार म्हणाला तो मला, गणपा नाही. केस पांढरे झालेले. चहा पाजला, घरची, पिकाची विचारपूस केली. मी कुठं निघालो ते कळल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हितनं जेजुरी लय जवळ हाय. पर म्या पायरी चढत न्हाई."

"का रे?"

"भंडारा खोटा उचलला न्हवं का म्या? मला वाटलं हुतं समद्या सांधी भरल्यात. पर कुठंतरी बोट फिरायचं ऱ्हायलं आसंल. तुमी सांगितलं तवा कळलं. तुमी कशाला खोटं बोलाल?"

फलाटावर आम्ही दोघंच होतो. ना गाव, ना पाटील. तेव्हा बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? तो माणूस मला खरं मानून स्वतःला खोटं समजत होता, आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी तोंड उघडलं. म्हणालो, "होतं असं, धोंडी. माणूस आहे, चुकायचंच."

तो बरं वाटल्यासारखा हसला. गाडी आली, तर माझी पिशवीसुद्धा त्यानंच डब्यात चढवून दिली. मी जेजुरीला गेलो. पायऱ्या चढलो, भंडारा उधळला, कपाळाला लावला.

धोंडी आता नाही. शेवटपर्यंत तो देवळात गेला नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्याची काठवट माझ्याच घरी राहिली, सून तिच्यात रोज पीठ मळते. तिच्या तळाला तेजाबाचा एक ठिपकाही नाही. धोंडीनं उचललेला भंडारा खरा होता. हे मला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत नसतानाच तो गेला.