तासाचा भाव

विमान चालवणाऱ्याला पगार किती, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असणार? जऊळक्याच्या स्टेशनात थांबणारी रेल्वे, तिथेच आमचा प्रवास संपायचा. पण लढाईत विमान चालवायला शिकलेला माझा मोठा भाऊ लढाईनंतर प्रवासी विमानांच्या एका कंपनीत लागला आणि गावभर तीच चौकशी सुरू झाली.

पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने ओसरीत सांगितलं, "बाबा, थोडा पगार बांधलेला, बाकी तासावर भेटते."

आमच्याकडे तास म्हणजे पिकाची ओळ. निंदायला आलेल्या बाया एकेक तास धरून पुढे सरकतात. बाबांना वाटलं, विमानही आभाळात तसंच सरकत असेल.

"दिवसाले किती तास निघतात?"

"पाच-सहा."

"एवढेच? आपल्या बाया तं जास्त काढतात!"

आम्ही हसून हसून बेजार झालो. घड्याळाचा तास बाबांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरला नाही.

मी तेव्हा मराठी सातवी पास झाले होते. मला अकोल्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिक व्हायचं होतं, पुढे मास्तरीण व्हायचं होतं. खर्च मी करीन, असा भावाने मला शब्द दिला होता.

तो गेल्यावर पत्रं येऊ लागली. आता घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मीच ती बाबांना वाचून दाखवायची. 'इकडे नागपूरच्या सपाट मुलखात तासाचा भाव कमी आहे. आसामच्या डोंगरावरून उडणाऱ्यांना दुप्पट मिळतो. तिकडे बदली झाली की धाकटीला अकोल्याला घालू.' बाबा मान हलवायचे. मी त्याच्या बदलीसाठी रोज देवापुढे हात जोडायची. दोन वर्षं जोडले. वेडीच होते.

एक दिवस भावाच्या कंपनीतला एक मिस्त्री वाशिमला आपल्या घरी जाताना आमच्याकडे चहाचं पुडकं द्यायला आला. मी विचारलं, "दादाची आसामात बदली कवा होणार?"

तो चकितच झाला. "कवा होणार? दोन वर्सं झाले त्यायले तिकडं! त्यायनं तुमाले लिवलेले कागदं मीच तं नागपुरात आणून टपालपेटीत टाकतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी खटपट, मला फसवायला! तशीच गोठ्यात धावले. बाबा बैलाच्या मानेला हळद लावत होते.

"बाबा, दादा खोटं बोलला! तो आसामातच हाये!"

"माईत हाये मले," बाबा म्हणाले. हात थांबला नाही. "मांगच्या पोळ्याले आला होता, तवाच सांगतलं त्यानं. जास्तीचा पैसा तुह्या लग्नाले ठेवून राह्यला तो. लय शिकलेल्या पोरीले पोरगा कोन देते?"

भावाचा राग आला होताच. पण बाबा त्या पोळ्यानंतरचं प्रत्येक पत्र माझ्यासमोर बसून, मान हलवत ऐकत होते, हे आठवलं आणि मला रडूही येईना.

"मंग पत्रात खोटं कायले लिवाचं?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मला साधी गोष्ट कळत नाही याचं नवल वाटल्यासारखं.

"खरं लिवलं असतं, तं मले वाचून कोनं दाखवलं असतं? तूच ना."