नाथाजींचा डावा कान

आष्ट्याच्या नाथाजींचा उजवा कान तोफखान्यात राहिला. म्हणजे कान जागेवर आहे, ऐकू येत नाही एवढंच. सरावात तोफ उडाली तेव्हा कानात घालायचा बोळा खिशात होता. दवाखान्यात सांगितलं असतं तर मेडिकल कॅटेगरी खाली आली असती, म्हणून सांगितलं नाही. पुढं न सांगण्याचीच सवय पडली. बायकोलाही सांगितलं नाही.

त्याच पलटणीत एका मिझो सोबत्यानं त्यांना गिटार शिकवली. हवालदारकीवरून पेन्शनीत आले ते पत्र्याची ट्रंक आणि गिटार घेऊन. उसाचं धाकट्या भावानं बघायचं आणि यांनी गिटार वाजवायची, असं घरात ठरलं. गावानं आधी टिंगल केली. मग नाथाजी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले आणि टिंगल आपोआप थांबली. स्टेजवर ते कायम उजव्या टोकाला उभे राहत, म्हणजे सगळी वाद्यं डाव्या कानाकडं येत. माणूस लाजाळू आहे, असं लोक म्हणत. नाथाजी म्हणू देत.

इस्लामपुरात मल्हारचा स्टुडिओ आहे. मल्हार आटपाडीकडचा, धनगराचा पोरगा. चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात, हा पुण्यात साऊंडचं शिकून आला. आवाज घुमू नये म्हणून त्यानं चारी भिंतींना घोंगडी ठोकली आहेत, त्यामुळं आत गाणाऱ्याला सुराआधी घाम फुटतो. गाणी जत्रांची आणि वाढदिवसांची. आपल्याकडं माणूस पुढारी व्हायच्या आधी त्याचं गाणं निघतं.

असंच धैर्यशील नावाच्या एका होऊ घातलेल्या पुढाऱ्याचं गाणं होतं. नाथाजींनी कानानं गिटार लावली आणि वायर जोडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा ट्यूनर, म्हणजे तारा सुरात आहेत का ते दाखवणारा काटा, डावीकडं झुकून लाल झाला.

"अण्णा, उतरलीया वं."

नाथाजींनी तारा चढवल्या. काटा मधोमध आला, हिरवा झाला. पण कीबोर्डसोबत वाजवायला घेतलं तर कानाला खुपायला लागलं.

"मला चढल्यागत वाटतीया रं."

"पडद्यावर बगा की. हिरवंगार हाय."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. एक कान लपवून जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याचीही खात्री नसते. पडद्यानं नुसतं बोट दाखवलं आणि त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला.

घरी येऊन त्यांनी डाव्या कानाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कुकरची शिट्टी ऐकू आली. माळवं विकणारीची आरोळी ऐकू आली. आवाज सगळे येत होते. पण आलेला सूर खरा का खोटा, हे विचारायचं कुणाला? हाही कान गेला तर गिटार गेली, आणि गिटार गेली तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय? त्यांना भीती वाटली. तोफेची कधी वाटली नव्हती.

पुढच्या खेपेला नव्या तारा घातल्या, मल्हारनं वायर बदलली, तरी काटा लाल. मल्हारनं एक दुसरी गिटार आणली. नाथाजींनी लावली, तीही उतरलेली. मल्हारला इथंच शंका यायला हवी होती. त्यानं डोकं खाजवलं आणि चहा मागवला. नाथाजींचा हिशेब मात्र सरळ होता. गिटारी दोन असल्या तरी लावणारा कान एकच.

तिसऱ्या खेपेला ते गिटार न घेताच गेले.

"मल्हार, दुसरा माणूस बग गड्या. माझं वय झालं."

"वय झालं म्हंजे? वाजवता तर झ्याक!" मल्हार चिडला. गिटारवाले काय रस्त्यावर पडलेत? "थांबा जरा. आज ह्या काट्याचीच परीक्षा घिऊ."

त्यानं कॉम्प्युटरमधल्याच कीबोर्डचा एक सूर ट्यूनरला ऐकवला. त्या सुराला तार नाही, खुंटी नाही. तो उतरणार कुठून? काटा डावीकडं गेला आणि लाल झाला.

मल्हार पडद्याला नाक लावून बघायला लागला. कोपऱ्यात बारीक आकडा होता, काटा कुठली पट्टी खरी धरतो ते सांगणारा. चारशे चाळीस असायला हवा, तो चारशे सेहेचाळीस होता. मल्हारनं कपाळावर हात मारला.

श्रावणात तात्याबा बुवांचं भजनी मंडळ येऊन गेलं होतं. त्यांची पेटी अंमळ चढी. पण ती गुरूनं लावलेली, तिला हात लावायचा नाही; पेटी आधी आणि जग मागनं, हा बुवांचा कायदा. तेव्हा मल्हारनं ट्यूनरच पेटीला जुळवला. तिथवर ठीक होतं. पण जी कोरी फाईल उघडून तो प्रत्येक नवं गाणं सुरू करायचा, तिच्यातच हा फेरफार सेव्ह झाला.

"म्हंजे तवापास्नं सगळ्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला गिटार बुवांच्या पेटीवर चढलीया!" मल्हार पोट धरून हसला. नाथाजी हसले नाहीत.

आकडा सुधारला. स्टुडिओतलीच गिटार घेऊन नाथाजींनी पडद्याकडं पाठ केली आणि कानानं तारा लावल्या. एकेक तार वाजली, दर वेळी काटा हिरवा झाला.

"अण्णा, बरोबर हाय. सगळ्याच."

"पाणी दे," नाथाजी म्हणाले. तांब्या रिकामा केला. मग धैर्यशीलचं गाणं त्यांनी पहिल्यापासून वाजवलं.

घरी त्यांची बायको बनुबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. नाथाजी त्यांच्यासमोर बसले. सुटका झालेल्या माणसाला राहवत नाही. ट्यूनरचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, आणि शेवटी उजव्या कानाचंही सांगून टाकलं.

बनुबाईंनी मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"सुट्टीवर आला व्हता तवापास्नं. उजव्या अंगानं काय बी बोललं की तुमी न ऐकताच व्हय म्हंता."

"मग बोलली न्हाईस ती?"

"कशाला बोलू? शिलाई मशीन घिऊ का, उजव्या अंगानं इचारलं. व्हय म्हणला. पोरीला नर्सिंगला घालू का, ते बी उजव्या अंगानंच इचारलं. जेवाय हाक मारायची आसली की तेवढी डावीकडं येती."